हुपरीतल्या बाळाच्या हृदयात छिद्र असेल, तर ते शोधणार कोण?

लहान मुलांचं हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की मुंबई-पुण्यातलं मोठं हॉस्पिटल आठवतं. पण चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीतलं बाळ तिथे वेळेत पोहोचणार का, हे आधी गावातच ठरतं. कसं? समजून घेऊ.

किती बाळांना हा त्रास असतो?

दर 1000 जन्मांमागे साधारण 8 ते 9 बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. अनेक लहान छिद्रं आपोआप बुजतात. काही बाळांना मात्र पहिल्याच वर्षी उपचार लागतात.

उशीर झाला तर?

मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं. हा दाब वर्षानुवर्षं राहिला, तर तिथल्या रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात. मग छिद्र बंद करणंही शक्य होत नाही.

तपासणी कोण करतं?

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी शाळेत एकदा येतं. शंका आली तर मुलाला पुढे इकोसाठी पाठवतात. ऑपरेशनसाठी या कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात.

मग अडतं कुठे?

नवजात बाळ पथकाची वाट पाहू शकत नाही. कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर इथे कामी येतो. जन्मानंतर 24 तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला नवजात बाळांसाठीचा सेन्सर लावून ऑक्सिजन मोजतात. तो 95 टक्क्यांपेक्षा कमी आला, तर पुन्हा तपासणी गरजेची असते. अर्थात, सगळेच दोष यात सापडत नाहीत.

ऑपरेशनसाठीही एकटा सर्जन पुरत नाही. बालहृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित नर्स लागतात. अशी टीम उभी करायला वर्षं जातात. केरळने 2017 मध्ये 'हृदयम' योजना आणली. त्यात बाळाची ऑनलाइन नोंद होते आणि आजाराच्या गांभीर्यानुसार हॉस्पिटल ठरतं.

पालकांनी काय पाहावं?

- दूध पिताना दम लागणं, कपाळावर घाम येणं
- वजन न वाढणं
- वारंवार न्यूमोनिया होणं
- ओठ किंवा जीभ निळसर दिसणं

यातलं काही दिसलं तर आशाताईंना सांगा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा. बाळ निळं पडत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर लगेच 108 ला फोन करा.