ड्रोनद्वारे वैद्यकीय पुरवठा

ड्रोनद्वारे वैद्यकीय पुरवठा म्हणजे लस, रक्त, औषधे आणि तपासणीचे नमुने यांची मानवरहित विमानाने केलेली वाहतूक होय. डोंगर, नदी किंवा वळणावळणाच्या रस्त्यामुळे हवाई अंतर व रस्त्याचे अंतर यांत मोठी तफावत पडते, अशा ग्रामीण भागात ही पद्धत विशेष उपयोगी ठरते. महाराष्ट्रातील सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हार येथे झाला.

जव्हार-झाप उड्डाण

जव्हार हा डोंगराळ, आदिवासीबहुल तालुका आहे. कोविड-१९ लसीकरणाच्या काळात जिल्हा प्रशासनाने खासगी संस्थांच्या साहाय्याने जव्हारहून झाप या गावी लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने पाठवल्या. रस्त्याने ४० मिनिटांहून अधिक वेळ घेणारी ही वाहतूक ९ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण झाली.

एक यशस्वी उड्डाण म्हणजे नियमित सेवा नव्हे. झिपलाइन या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये पुणे व नंदुरबारजवळ वितरण केंद्रे उभारण्याची योजना जाहीर केली होती. ती ठरलेल्या मुदतीत, म्हणजे २०२० च्या आरंभी, प्रत्यक्षात आली नाही. याच कंपनीने रवांडात मात्र ऑक्टोबर २०१६ पासून रक्तपुरवठ्याची सेवा चालवली आहे. तेथे साठा मध्यवर्ती केंद्रात राहतो व मागणी येताच पिशवी हवाई छत्रीने रुग्णालयाच्या आवारात सोडली जाते. त्यामुळे लहान रुग्णालयांत रक्त मुदतबाह्य होण्याचे प्रमाण घटले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात मिनिटे मोलाची असतात, म्हणून रक्त हाच या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग मानता येईल.

भारतातील इतर प्रयोग

तेलंगणातील विकाराबाद येथे सप्टेंबर २०२१ मध्ये असा उपक्रम सुरू झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'आय-ड्रोन' उपक्रमात मणिपूरमधील बिष्णुपूरहून लोकताक सरोवरातील करांग बेटावर लस पोहोचवण्यात आली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेले हे अंतर हवाई मार्गाने १५ किलोमीटर होते. मे २०२३ मध्ये दिल्लीजवळ रक्ताच्या पिशव्यांचीही चाचणी झाली.

मर्यादा

कोविड लसीसारख्या बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यामुळे पेटीचे तापमान सांभाळणे आणि उतरण्याच्या ठिकाणी प्रशिक्षित कर्मचारी असणे आवश्यक असते. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवानगीची प्रक्रिया सुलभ केली, तरी चालकाच्या दृष्टिपथापलीकडील उड्डाणावर निर्बंध राहिले. पावसाळ्याची अडचण अधिक बिकट आहे: मुसळधार पावसात डोंगरी रस्ते बंद पडतात, नेमके तेव्हाच उड्डाणही धोक्याचे होते. शिवाय ड्रोन सामान नेते, रुग्णाला नाही. रुग्णवाहिकेची गरज कायम राहते.

उपयुक्तता भूगोलावर अवलंबून असते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. अशा मुख्य मार्गालगत वेळेची बचत जव्हारइतकी होत नाही, आडवाटेच्या गावांसाठी मात्र हिशेब निराळा असू शकतो.