सातचे दान

क्रॅप्स हा जुगारघरांतला फाशांचा खेळ आम्ही शिकावयास घेतला तेव्हा नियम दहा मिनिटांत पाठ झाले. अडले ते त्यांमागचे कारण. दोन फासे टाकायचे. पहिल्याच दानात ७ किंवा ११ पडले तर जीत. २, ३ किंवा १२ पडले तर हार. अन्य कोणताही आकडा पडला तर तो 'पॉइंट', आणि मग ७ पडण्याआधी तोच आकडा पुन्हा पाडावयाचा. म्हणजे आरंभी तारणारे ७ पुढे तेच बुडवते. असा लहरी नियम कुणी एकाने बसून रचला असेल, हे आम्हांस पटेना.

तो तसा रचलेला नाहीच. चौदाव्या शतकात चॉसरला ठाऊक असलेल्या 'हॅझर्ड' या खेळात फासे टाकणारा आधी ५ ते ९ मधला एक आकडा 'मेन' म्हणून पुकारी, आणि प्रत्येक मेनची तारक-मारक दाने निराळी असत. मेन ७ असेल तर ७ व ११ तारक. २, ३, १२ मारक. क्रॅप्स म्हणजे हाच हॅझर्ड, मेन कायमचा ७ वर खिळवलेला. दोन फाशांची ३६ दाने मोजली तर ७ सहा प्रकारे पडते, ४ अवघ्या तीन. (ऋतुपर्णाने नळाला अक्षविद्या देण्यापूर्वी बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून सांगितली होती, ते उगाच नव्हे.) हिशेब केल्यास पाचही मेनांत टाकणाऱ्याला सर्वांत अनुकूल ७ च ठरतो. कोष्टक गेले, आणि खेळ रस्त्यावर, बोटीवर, कुठेही मांडता येऊ लागला.

न्यू ऑर्लिन्समध्ये तो रुजवण्याचे श्रेय परंपरा बेर्नार द मारिन्यी या धनाढ्य क्रिओल जमीनदाराला देते. १८०५ च्या सुमारास त्याने आपल्या मळ्याचे भूखंड पाडून विकले. जुगाराची देणी भागवण्यासाठी, असे म्हणतात. नव्या वस्तीतल्या एका रस्त्याला त्याने 'क्रॅप्स' हेच नाव दिले. पुढे ते बदलले. तो आज बर्गंडी स्ट्रीटचा भाग आहे. पित्याची जमीन ज्या फाशांवर गेली त्यांचेच नाव तिच्यावर कोरणारा हा गृहस्थ आम्हांला निव्वळ उधळ्या वाटत नाही.

खरा पालट विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. तोवर खेळाडू परस्परांविरुद्ध लावीत. मग जॉन विन या फासे बनवणाऱ्याने टाकणाऱ्याच्या विरुद्धही पैज लावण्याची सोय केली. दोन्ही बाजू खुल्या झाल्यावर मालकाने फासे भारित करण्यात अर्थ उरला नाही. पण टाकणारा सरासरी ४९५ डावांत २४४ जिंकतो, २५१ हरतो. विरुद्ध लावणाऱ्याला हा ७ डावांचा नफा आयता मिळाला असता. म्हणून त्याच्यासाठी १२ चे दान 'बरोबरी' ठरवले, आणि नफा पुन्हा घरच्या पेटीत आला. नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला तेव्हा हा हिशेब तयारच होता. आजही पहिल्या पैजेवर शंभर डॉलरमागे सुमारे १.४१ डॉलर घर ठेवून घेते, विरुद्ध पैजेवर १.३६.