कुटकी, भुईआवळी आणि कावीळ

आपल्या अंबाजोगाईत पावसाळ्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की शेजारीण अजूनही आधी सांगते, "माळ घाला, उतरंल." माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. लहानपणी आमच्यातल्या कितीतरी जणींच्या गळ्यात ती पडली आणि आम्ही बऱ्याही झालो. पण खराब पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. त्यामुळे माळ असो की काढा, श्रेय त्यालाच मिळतं. मग खरं औषध ओळखायचं कसं?

मुंबईतल्या काही वैद्य-डॉक्टरांनी हाच प्रश्न हाती घेतला होता. काविळीत आरोग्यवर्धिनीची गोळी देण्याची रीत जुनी. तिच्यात पारा, गंधक, तांबं, लोह असतं, पण जवळजवळ निम्मी असते कुटकी. १९८० मध्ये या गोळीची रुग्णांवरची चाचणी छापून आली, गुण दिसला. तो नेमका कशाचा, हे पाहायला पुढे नुसती कुटकी घेतली.

ही कुटकी आपल्या रानात उगवत नाही. ती हिमालयात, फार उंचावर होते. काष्ठौषधीच्या दुकानात तिच्या काळपट मुळ्या मिळतात, आणि चव विचारूच नका! चरकसंहितेत तिला कटुरोहिणी म्हटलंय. प्रयोगशाळेत प्राण्यांना यकृत बिघडवणारं विष दिलं की यकृताच्या पेशी फुटतात, त्यांच्यातली द्रव्यं रक्तात उतरतात. कुटकीतल्या पिक्रोसाइडसारख्या घटकांनी ही पडझड कमी होते, असं दिसलं.

माणसांवरची चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ रुग्णांना दोन आठवडे, दिवसातून तीनदा, ३७५ मिलिग्रॅम कुटकीची पूड दिली. १८ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. रक्तातला पिवळेपणा, म्हणजे बिलिरुबिन, ठरलेल्या पातळीवर यायला कुटकीवाल्यांना सरासरी २७ दिवस लागले, दुसऱ्यांना ७६. फरक मोठा, पण माणसं अवघी ३३. एवढ्यावर गावभर कुटकी वाटावी असं आम्हाला वाटत नाही.

कारण भुईआवळीचं काय झालं ते बघा. ही तर आपल्या बांधावरची, पानांखाली बारीक आवळ्यांची रांग असलेली. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉ. त्यागराजन यांनी ब काविळीचा विषाणू अंगात असलेल्यांना ती महिनाभर दिली. सोबत होते हा विषाणू शोधून नोबेल मिळवणारे ब्लुमबर्ग. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली, औषध नसलेल्या २३ मध्ये एकाचीच. जगभर गाजावाजा झाला. मग थायलंडमध्ये करून पाहिलं, तर तो गुण आलाच नाही.

आणि गुळवेल? करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळत होते, आमच्याकडेही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल म्हणाले. असेलही. पण बाईनं कडुनिंबावरून वेल ओढून आणली, तर ती कुठली हे तिला कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात एका श्रोत्या मावशींनी विचारलं, "सून सात महिन्यांची हाय, डोळे पिवळे झालेत, भुईआवळी वाटून देऊ का?" ई प्रकारची कावीळ इतरांची उतरते, पण पोटुशी बाईच्या जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. आम्ही म्हणालो, मावशी, वाटण राहू द्या, रिक्षा बोलवा. आपल्या गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं आत्ता न्या.

त्या रागावल्या जरा. पण गेल्या.