सर्दीतील घसा, कान व जिभेचे दुखणे

सर्दीच्या विषाणूंमुळे नाक व घसा यांच्या आतील श्लेष्मकलेला सूज येते आणि त्यातून घसा, कान व जीभ यांचे दुखणे उद्भवते. ऱ्हायनोव्हायरस हा या विषाणूंपैकी सर्वांत नेहमीचा असून त्याचे १५० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत.

घसा : संसर्गानंतर १ ते ३ दिवसांत घसा खवखवू लागतो, बहुधा हेच सर्दीचे पहिले लक्षण असते. सुजलेल्या ऊतकांत ब्रॅडिकिनिन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी द्रव्ये तयार होऊन वेदनावाहक तंतू उद्दीपित होतात. नाक चोंदल्याने रात्री तोंडाने श्वास घेतला जातो व घशाला कोरड पडते. त्यामुळे सकाळी दुखणे अधिक जाणवते.

कान : मध्यकर्ण व नाकामागील घशाचा भाग यांना जोडणारी यूस्टेशियन नलिका प्रौढांत सुमारे ३५ मिमी. लांब असते. गिळताना व जांभई देताना ती उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा राहतो. सुजेने नलिका बंद झाल्यास मध्यकर्णातील हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, दडे बसतात व कान दुखतो. घाट किंवा विमान उतरताना हा त्रास वाढतो. लहान मुलांत नलिका आखूड व अधिक आडवी असल्याने जंतुसंसर्ग मध्यकर्णात सहज पोहोचतो. अशा वेळी कान ठणकतो, ताप येतो आणि क्वचित पडदा फुटून पू वाहू लागतो; पू वाहिल्यावर ठणका बहुधा कमी होतो.

जीभ : तोंडाने श्वास घेतल्याने जीभ कोरडी पडते, तिच्यावर पांढरट थर साचतो आणि तिखट पदार्थ झोंबतात. आजारपणात काहींचे तोंडही येते. जिभेच्या मुळाशी असलेले लसिकाभ ऊतक सुजल्यास गिळताना तेथे दुखते.

अन्यत्र जाणवणारी वेदना : जिभेचा मागचा तिसरा हिस्सा, टॉन्सिल, घसा व मध्यकर्ण या सर्वांची संवेदना नवव्या मस्तिष्क तंत्रिकेमार्फत मेंदूकडे जाते. त्यामुळे घशाच्या दाहाची वेदना कान निरोगी असूनही कानात जाणवू शकते. कानदुखीचे मूळ कानातच आहे की घशात, हे ठरवण्यासाठी दोन्ही तपासावे लागतात.

उपचार : सर्दी साधारण ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. विश्रांती, पुरेसे पाणी, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि गरजेनुसार पॅरासिटामॉल यांनी आराम पडतो. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून राय संलक्षण हा गंभीर विकार होण्याचा धोका असतो. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. पडदा फाटलेला असण्याची शक्यता असल्याने दुखऱ्या कानात तेल घालणे टाळावे.

कानातून स्राव येणे, ऐकू कमी येणे, कानामागे सूज, तीव्र किंवा न उतरणारा ताप आणि दोन-तीन दिवसांत कमी न होणारी कानदुखी या लक्षणांत वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. खोकला व वाहते नाक नसताना घसा तीव्र दुखणे, ताप आणि मानेतील दुखऱ्या गाठी असल्यास स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची शंका घेतली जाते. या संसर्गावर वेळीच प्रतिजैविके दिल्याने संधिवाती ज्वर टळतो. श्वास घेण्यास त्रास, लाळही न गिळता येणे किंवा जबडा न उघडणे या अवस्थांत रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.