तळघरातलं औषध

आमच्या घरापासून रटगर्स विद्यापीठ गाडीनं वीस मिनिटांवर. क्षयाच्या जंतूंवर खऱ्या अर्थानं चाललेलं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ च्या ऑक्टोबरात तिथल्याच एका तळघरात सापडलं, हे मला न्यू जर्सीत दहा वर्षं काढल्यावर कळलं. शोधणारा अल्बर्ट शाट्झ तेवीस वर्षांचा विद्यार्थी. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या प्राध्यापक वॅक्समन यांना मिळालं. पीएच.डी. केलेल्या वाचकांना यावर अधिक सांगायला नको!

औषधाचं नाव आमच्या घरात जुनंच. आजोबांचे धाकटे भाऊ, तात्या, यांना १९५१ साली हीच इंजेक्शनं दिली होती. खोकला थांबला, वजन वाढलं, तात्या कामावर रुजू झाले. वर्षभरात पुन्हा रक्त पडू लागलं आणि या खेपेस तीच इंजेक्शनं पाण्यासारखी गेली. "नशीब एकेकाचं," आजी म्हणायची.

ब्रिटनमध्ये १९४७ साली १०७ रुग्णांवर या औषधाची चाचणी सुरू झाली. ५५ जणांना इंजेक्शनं, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ दगावले होते, दुसऱ्यातले १४. केवढा चमत्कार! पण पाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ गेलेले होते. औषध घेतलेल्या बहुतेकांच्या जंतूंना त्याची भीतीच उरली नव्हती.

औषध जंतूंना काही शिकवत नाही. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंत त्याला दाद न देणारे थोडे आधीपासूनच असतात. बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं. उपाय आमच्या इंजिनिअरिंगच्या हिशेबातला आहे. समजा, एका औषधाला न जुमानणारा जंतू दहा लाखांत एक, दुसऱ्यालाही तसाच. दोन्ही औषधं एकदम दिली, तर दोघांना पुरून उरणारा एक लाख कोटींत एक! इतके जंतू छातीत मावतच नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनबरोबर 'पास' देऊन ब्रिटिशांनी हे लगेच दाखवून दिलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. तात्यांपर्यंत यातलं काही पोचलं नाही. ते १९५३ साली गेले.

हिशेब इतका सोपा, पण तो पाळायला शिस्त लागते. १९९१ च्या एका पाहणीत मुंबईतल्या १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयावर ८० तऱ्हेचे उपचार लिहून दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ पैकी फक्त सहा जणांची चिठ्ठी बरोबर होती. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतच, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची बातमी आली, यात मला तरी नवल वाटलं नाही.

आणि आपण? आई दर उन्हाळ्यात येते ती लोणचं, मेतकूट आणि अझिथ्रोमायसिनच्या दोन स्ट्रिपा घेऊन. गेल्या जूनमध्ये मला सर्दी झाली. "दोन गोळ्या घे, उद्या ऑफिसला जाशील." सर्दी विषाणूची, त्याला ही गोळी काय करणार? पोटातल्या निरुपद्रवी जंतूंमधले निगरगट्ट तेवढे निवडून ठेवील. क्षयाचे सहा महिने पुरे करायचे. इतर आजारांत गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही. हे सगळं आईला तात्यांच्या गोष्टीसकट सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासूबाई नशीब म्हणायच्या." स्ट्रिपा तिनं परत बॅगेत ठेवल्या.