संग्रहालयाचं दार आणि विसरलेली माणसं



आजचा विषय आहे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी संग्रहालयं आणि सांस्कृतिक उपक्रम कसे खुले झाले, त्याचा इतिहास. म्हणजे डिमेन्शिया झालेली माणसं. यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजाराला आपण अल्झायमर म्हणतो. काहींना वाटेल, यात इतिहास तो काय? वीस-पंचवीस वर्षांची तर गोष्ट. पण या वीस वर्षांच्या मागे बराच मोठा विचार उभा आहे, आणि तो समजल्याशिवाय ही वीस वर्षं नीट कळत नाहीत.

शब्दांपासून सुरुवात करू. म्यूझियम हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ म्यूझ या देवतांचं स्थान. या नऊ बहिणी, कला आणि विद्यांच्या अधिष्ठात्री. आणि त्यांची आई कोण? म्नेमोसिनी, म्हणजे साक्षात स्मृती. तेव्हा म्यूझियम म्हणजे स्मृतीच्या लेकींचं घर. आता प्रश्न असा पडतो की ज्याला स्मृतीच सोडून गेली, त्याला या घरात जागा आहे की नाही?

दुसरा शब्द आपला, स्मृतिभ्रंश. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द येतो. तिथे तो आजार नाही. विषयांच्या चिंतनापासून सुरू होऊन काम, क्रोध, संमोह अशा पायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या साखळीतली ती एक कडी आहे. तिच्यापुढे बुद्धिनाश, आणि मग माणसाचाच नाश. आपण आजाराला हे नाव दिलं, तेव्हा ती साखळीही नकळत सोबत आली. स्मृती गेली, म्हणजे बुद्धी गेली, म्हणजे माणूस गेला! 'साठी बुद्धी नाठी' म्हणताना आपण हेच बोलत असतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही फार वेगळं घडलं नाही. जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकत्वावर एक प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माझी जाणीव मागे जिथवर पोहोचते, तिथवर मी 'मी' असतो. टॉमस रीडने १७८५ मध्ये त्याला एक मजेदार अडचण दाखवली. लहानपणी मार खाल्लेला एक मुलगा तरुणपणी शूर अधिकारी होतो, शत्रूचं निशाण जिंकतो. पुढे म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला तो मार आठवतो. सेनापतीला निशाण आठवतं, पण मार मात्र पार विसरला आहे. मग लॉकच्या हिशेबाने सेनापती हा तो मुलगा आहे की नाही? रीडचा आक्षेप वर्गात सगळ्यांना पटतो. आम्ही आयुष्यभर शिकवला, म्हणून सांगतो. पण व्यवहारात आपण सगळे लॉकचेच अनुयायी असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपलं नाव आठवेनासं झालं, की 'आता ते राहिले नाहीत पूर्वीचे' असं आपण त्यांच्यासमोरच म्हणतो.

आता १९०१ सालात जाऊ. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात नोव्हेंबर महिन्यात आगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. त्यांनी लिहिलेली टिपणं बरीच वर्षं हरवली होती. १९९० च्या दशकात ती सापडली. ती वाचण्यासारखी आहेत. डॉक्टर नाव विचारतात, ती सांगते आगुस्ट. आडनाव विचारतात, तरी आगुस्ट. नवऱ्याचं नाव विचारतात, तरी तेच. जेवणात तिला फुलकोबी आणि डुकराचं मांस दिलेलं आहे. काय खाता आहात असं विचारल्यावर ती म्हणते, पालक.

पण याच टिपणांत आणखी एक गोष्ट आहे. डॉक्टरांनी तिला काही वस्तू दाखवल्या. पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार, अशा साध्या. आणि तिने त्या बरोबर ओळखल्या! थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं, मघाशी मी तुम्हाला काय काय दाखवलं? ते मात्र तिला सांगता आलं नाही.

इथे जरा थांबू या. त्या खोलीत दोन प्रश्न विचारले गेले होते. पहिला: समोर हे काय आहे? दुसरा: मघाशी काय होतं? पहिल्यात ती उत्तीर्ण झाली, दुसऱ्यात नापास. वैद्यकाने दुसरा प्रश्न उचलला. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. निदानासाठी तोच प्रश्न लागतो. आगुस्ट १९०६ मध्ये वारली, त्याच वर्षी अल्झायमर यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूतले बदल मांडले, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमर हे नाव दिलं. पण दवाखान्यातला हा दुसरा प्रश्न पुढे घराघरांत शिरला. पहिल्या प्रश्नाचं काय झालं? तो जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिला. आमच्या मते आजच्या विषयाचा सगळा इतिहास हा त्या पहिल्या प्रश्नाकडे परत येण्याचा इतिहास आहे.

परतीची वाट तीन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा आठवणींचा. पूर्वी म्हातारी माणसं जुनं काही घोळवू लागली, की ते मन ढासळल्याचं लक्षण मानत. १९६३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी लिहिलं की हे लक्षण नाही, हे काम आहे. माणूस आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडत असतो. या विचारातून पुढे लोक वृद्धांच्या आठवणींवर नाटकं करू लागले, जुन्या वस्तूंच्या पेट्या घेऊन वृद्धाश्रमांत जाऊ लागले. लंडनमध्ये १९८३ पासून एज एक्सचेंज या संस्थेने हे काम पद्धतशीरपणे केलं.

दुसरा टप्पा व्यक्तित्वाचा. ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. त्यांनी सांगितलं की व्यक्तित्व ही कवटीच्या आत कुलूप लावून ठेवलेली वस्तू नव्हे. ते माणसामाणसांच्या संबंधातून एकमेकांना दिलं जातं, आणि म्हणून काढूनही घेतलं जातं. रुग्णासमोर त्याच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलणं, त्याच्या हातातलं काम घाईने ओढून घेणं, यातूनही आपण नुकसान करतो. लॉकला दिलेलं हे आम्हाला सर्वांत चांगलं उत्तर वाटतं.

तिसरा टप्पा संग्रहालयांचा. पण संग्रहालयाचं दार काही पहिल्यापासून सताड उघडं नव्हतं. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हा आत जायला पैसे पडत नसत, मात्र आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावं लागे. ज्याला अर्ज लिहिता येतो आणि दिवसा सवड असते, तोच आत. पुढे दोन-अडीचशे वर्षं हे दार एकेक माणसासाठी रुंद होत गेलं: कामगार, स्त्रिया, मुलं, चाकाच्या खुर्चीवरचे, अंध. यात सगळ्यात शेवटी आली ती विसरणारी माणसं.

न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, ज्याला लोक मोमा म्हणतात, ते १९२९ चं. १९४४ मध्ये त्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी कलाकेंद्र काढलं होतं, म्हणजे दुखावलेल्या माणसांना आत घ्यायची सवय जुनी. २००६ मध्ये तिथे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी एक उपक्रम सुरू झाला. महिन्यातून एक मंगळवार, कारण तेव्हा त्या दिवशी संग्रहालय इतरांना बंद असे. लहान गट, साधारण दीड तास, आणि तेवढ्यात चार ते सहाच चित्रं. प्रत्येक चित्रासमोर खुर्च्या मांडलेल्या. मार्गदर्शक विचारतात: काय दिसतंय? हा माणूस कुठे निघाला असेल? तुम्ही याला काय नाव द्याल? चित्रकाराचं नाव आठवतं का, असं कोणी विचारत नाही. म्हणजे आगुस्टला विचारलेला पहिला प्रश्न!

आता एक बारकावा पाहा. व्हान गॉगचं १८८९ मधलं तारांकित रात्रीचं चित्र मोमात आहे. त्याच्यासमोर बसलेला प्राध्यापक आणि बसलेला रुग्ण यांच्यात माहितीचं अंतर असेल, पण त्या गरगरत्या आकाशाकडे बघताना दोघंही आत्ता बघत असतात. सोबत आलेल्या मुलीला किंवा पतीला कित्येक महिन्यांनी काळजी घेणारा ही भूमिका बाजूला ठेवून नुसतं शेजारी बसता येतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी या उपक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा रुग्ण आणि सोबती दोघांचीही मनःस्थिती सुधारलेली दिसली.

युरोपात वाट जरा निराळी निघाली. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात डेन गॅमले ब्यू नावाचं खुलं संग्रहालय आहे, जुन्या घरांचं गावच. तिथे १९५० च्या दशकातली एक सदनिका हुबेहूब मांडली आहे. रुग्ण येतात, त्या काळच्या पोशाखातली बाई स्वयंपाकघरात कॉफी करते, वास दरवळतो, आणि माणसं बोलू लागतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ मध्ये हाउस ऑफ मेमरीज सुरू केलं. त्यांनी आधी रुग्णांना बोलावलं नाही, काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवलं. वस्तूंनी भरलेल्या सुटकेस ते घरी न्यायला देतात. त्यांचं अॅपही आहे. आणि त्यांना लवकरच कळलं की आठवणी सगळ्यांच्या सारख्या नसतात. लिव्हरपूलमध्ये येमेनहून आलेले वृद्ध आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्या वस्तू हव्यात.

म्हणजे दोन वाटा झाल्या. एक आठवणींची, एक पाहण्याची. दोन्ही चांगल्या. पण आठवणींच्या वाटेवर एक खाच आहे: 'हे आठवतं ना?' असं म्हणता म्हणता ती पुन्हा परीक्षा होते. अमेरिकेतल्या अॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकातच हे ओळखलं. आठवणीचा आग्रह सोडा, कल्पनेला हाक द्या, असं त्या सांगतात. एक चित्र दाखवायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. त्यात चुकीचं उत्तरच नसतं.

इमारतीचंही थोडं सांगायला हवं. चकचकीत फरशी रुग्णाला ओली वाटू शकते. दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसू शकतं. काचेतली प्रतिबिंबं घाबरवतात, गोंगाट थकवतो. शौचालयाची पाटी लांबून, स्पष्ट दिसायला हवी. बसायला जागोजाग जागा हवी. लंडनच्या राजवाड्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये अशा गोष्टींची मार्गदर्शिकाच काढली. तीनशे-चारशे वर्षांच्या वास्तूत हे जमतं, तर इतरत्र न जमण्याचं कारण नाही.

आता एक आक्षेप. याने आजार थांबतो का? नाही. भेट संपली की दुसऱ्या दिवशी पुष्कळांना आठवतही नाही. मग उपयोग काय? मित्रहो, हा प्रश्न आपण फक्त त्यांनाच विचारतो. आपण स्वतः एखादी मैफल ऐकून बाहेर पडतो, तेव्हा दारात कोणी आपली परीक्षा घेत नाही. महिन्याने कोणते राग झाले ते आपल्यालाही सांगता येत नसतं. तरी ती संध्याकाळ वाया गेली असं आपण म्हणत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सत्ताविसाव्या कलमाने समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. तिथे स्मरणशक्तीची अट नाही. २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या करारातलं तिसावं कलम तेच सांगतं, आणि आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यात एकोणतिसावं कलम संस्कृती आणि मनोरंजनाचं आहे. औषध म्हणून संग्रहालय मागितलं, तर दर वेळी गुण दाखवावा लागेल. हक्क म्हणून मागितलं, की ती जबाबदारी दार उघडणाऱ्यावर येते.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि आपल्याकडे काय नाही? पुण्याचं राजा केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं! आपल्या आजी-आजोबांच्या हातांना ओळखीच्या किती वस्तू. महिन्यातून एक सकाळ, आठ-दहा खुर्च्या, चार वस्तू आणि घाई नसलेला एक माणूस. असा प्रयोग करायला अशा कुठल्याही संग्रहालयाला फार मोठा निधी लागू नये.

आणि संग्रहालय उघडेपर्यंत थांबायचंही कारण नाही. आपल्याकडे पाहुणा येतो, वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, 'आजी, ओळखलंत का मला? सांगा बघू, मी कोण?' प्रेमानेच विचारतो. पण आजी कानकोंडी होते, सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहतात. त्याऐवजी आपणच नाव सांगावं. मग घरातला अडकित्ता किंवा एखादं जुनं भांडं तिच्या हातात द्यावं आणि ती काय करते ते पाहत शेजारी बसावं. बोलली तर ऐकावं, नाही बोलली तरी बसावं.

वेळ झाली आहे. आपले प्रश्न असतील तर जरूर विचारा.