अन्नसुरक्षित इपॉक्सी

अन्नसुरक्षित इपॉक्सी : लाकडी ट्रे, वाडगा, काथवट, जेवणाचे टेबल अशा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंवर लेप देण्यासाठी किंवा त्यांतील भेगा भरण्यासाठी वापरायची आणि पूर्ण पक्की झाल्यावर अन्नात अपायकारक प्रमाणात काही न उतरू देणारी इपॉक्सी. या व्याख्येतले ‘पूर्ण पक्की झाल्यावर’ हे शब्द कळीचे आहेत. बाटलीतले रेझीन आणि हार्डनर हे दोन्ही द्रव, ते कोणत्याही कंपनीचे असले तरी, अन्नापासून दूरच ठेवायचे असतात. त्यामुळे दुकानात ‘फूडसेफ’ लिहिलेली बाटली मिळाली म्हणजे शोध संपला, असे होत नाही. बाटलीवरचा शब्द खरा ठरवण्याचे निम्मे काम सुताराच्या हातात असते.

बहुतेक इपॉक्सी रेझिने बिसफिनॉल ए (बीपीए) आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्या अभिक्रियेतून बनतात. त्यांत अमाइन वर्गातला हार्डनर मिसळला की रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट जाळे तयार होते. १९३०च्या दशकात जर्मनीत पाउल श्लाक आणि स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्ताँ यांनी या रसायनावर काम केले. कास्ताँ यांच्यासमोर तेव्हा कृत्रिम दातांसाठी लागणारा पदार्थ होता. पुढे सिबा कंपनीने १९४६ साली बाजेलच्या प्रदर्शनात अ‍ॅराल्डाइट हा इपॉक्सीचा चिकटवणारा पदार्थ मांडला. आपल्याकडे आज ‘अ‍ॅराल्डाइट लाव’ हा घराघरातला शब्दप्रयोग आहे, त्याचे मूळ तिथे आहे.

इपॉक्सीचा अन्नाशी संबंध नवा नाही. खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून इपॉक्सीचा पातळ लेप देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगभर चालत आली. पण तो लेप कारखान्यात सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजून पक्का केला जातो. लाकूडकामातले रेझीन खोलीच्या तापमानाला, अनेकदा अंदाजाने मोजून आणि काडीने ढवळून ओतलेले असते. डब्यांच्या लेपाला मिळालेला भरवसा या रेझिनाला जसाच्या तसा लावता येत नाही. भाजलेल्या लेपातूनही अन्नात अंश उतरतात असे दिसल्यावरच युरोपने नियम कडक केले.

नियमांपैकी सर्वांत जास्त सांगितला जातो तो अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेतील अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) २१वा विभाग, कलम १७५.३००. लेपात कोणते घटक चालतील याची यादी त्यात आहे, आणि पक्क्या लेपातून पाणी, अल्कोहोल व हेप्टेन यांत किती अंश उतरावा याच्या मर्यादाही. हे प्रशासन एखाद्या ब्रँडच्या बाटलीला ‘मंजुरी’ देत नाही. म्हणून जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ असे दिसले तर विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागावा. या कलमातली आणखी एक अट लाकूडकाम करणाऱ्याने लक्षात ठेवावी. पुन्हापुन्हा वापरायच्या वस्तूवरचा लेप सलग हवा, अन्न आणि खालचा पृष्ठभाग यांच्यामध्ये तो अडसर म्हणून टिकायला हवा. सुरीने चरे पडलेला लेप ही अट पुरी करत नाही. इपॉक्सीने झाकलेल्या फळीवर भाजी चिरू नये, याचे कारण इथेच आहे. चऱ्यांतून रेझिनाचे बारीक कण अन्नात जातात ते वेगळेच.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३मध्ये बिसफिनॉल एची रोजची सह्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. जानेवारी २०२५पासून युरोपीय संघात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये या पदार्थाच्या वापरावर बंदी घालणारा नियम अमलात आला, बदल करायला मुदत देऊन. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८चे वेष्टन नियम आहेत. अन्नात एकूण किती अंश उतरू शकतो याची मर्यादा त्यांत प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी घातली आहे. घरी किंवा छोट्या कारखान्यात ओतलेला ट्रे मुळात त्यांच्या नजरेसमोर नाही. अशा ट्रेची जबाबदारी बनवणाऱ्यावरच येते, आणि विक्रीसाठी बनवणाऱ्याने ती गंभीरपणे घ्यावी.

खरेदीच्या वेळी सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे आणि त्यातली घटकांची यादी वाचावी. अनेक ‘क्रिस्टल क्लिअर’ रेझिनांच्या हार्डनरमध्ये बेंझिल अल्कोहोल (रसायनाचा नोंदणी क्रमांक १००-५१-६) किंवा नोनिलफिनॉल (८४८५२-१५-३) घातलेले असते. बेंझिल अल्कोहोलने मिश्रण पातळ होते, बुडबुडे सहज निघतात, काम सोपे होते. पण ते जाळ्यात गुंफले जात नाही. लेप दगडासारखा कडक झाला तरी ते आत मोकळेच राहते आणि तेलकट किंवा गरम अन्नात हळूहळू उतरू शकते. अन्नाला लागणाऱ्या कामासाठी असे न गुंफले जाणारे घटक नसलेले रेझीन निवडावे. ‘बीपीए-मुक्त’ या शब्दावर एकट्यावर विसंबू नये, कारण त्यातून हार्डनरबद्दल काहीच कळत नाही. अभ्रकाची चमकदार पूड, शाई किंवा रंग घातला की कंपनीचा चाचणी अहवाल त्या मिश्रणाला लागू राहत नाही. अन्नाची बाजू बिनरंगीच ठेवावी.

सर्वांत जास्त चुका प्रमाणात होतात. फायबरकामातल्या पॉलिएस्टर रेझिनाची सवय असलेले कारागीर ‘हार्डनर थोडा जास्त टाका, लवकर सेट होईल’ असे सांगतात. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर नुसती अभिक्रिया सुरू करून देतो, त्यामुळे तिथे कमीजास्त काही मर्यादेत चालून जाते. इपॉक्सीत हार्डनर हा जाळ्याचाच भाग असतो. जास्त पडलेला हार्डनर तसाच उरतो, कमी पडला तर रेझीन उरते, आणि दोन्ही अन्नात जाऊ शकतात. दुसरी चूक मापाची. रेझीन हार्डनरपेक्षा जड असते. बाटलीवर दोनास एक हे प्रमाण आकारमानाने दिलेले असताना वजनकाट्यावर दोनास एक घेतले, तर हार्डनर जास्त पडतो. मिश्रण कपाच्या कडा आणि तळ पट्टीने खरवडत तीन-चार मिनिटे ढवळावे, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळावे. पहिल्या कपाच्या काठाला लागलेले न मिसळलेले रेझीन खरवडून वस्तूवर टाकले की नेमका तेवढाच डाग महिनोन्‌महिने चिकट राहतो.

लाकूड कोरडे हवे. ओलसर लाकडातून बुडबुडे येत राहतात. साग तेलकट असतो, म्हणून लेपाआधी तो ॲसिटोनने पुसावा. कोकणात पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अमाइनशी जुळून पृष्ठभागावर मेणचट थर धरतो. हात फिरवला की साबण लागल्यासारखा वाटतो तो हाच. तो कोमट पाण्याने धुवावा, सुकू द्यावा आणि मगच पॉलिश पेपर मारावा. हे सगळे करताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, कारण कच्च्या इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही.

हाताला कडक लागणे आणि पक्के होणे यांत फरक आहे. लेप दिवसभरात कडक लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला साधारण आठवडा लागतो, थंडीत त्याहून जास्त. कंपनीने अन्नासाठी वेगळी मुदत दिली असेल तर तीच पाळावी. उरलेले मिश्रण कपातच, तारीख लिहून, ठेवून द्यावे. मुदत संपल्यावर ॲसिटोनने भिजवलेला कापूस त्यावर चोळावा. पृष्ठभाग चिकट झाला, नख रुतले किंवा गोडसर वास आला, तर वस्तू अन्नासाठी वापरू नये. ही परीक्षा कच्चा लेप पकडते. पक्क्या लेपाचे प्रमाणपत्र म्हणून ती वापरता येत नाही.

खोलीच्या तापमानाला पक्की झालेली इपॉक्सी बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. उकळत्या चहाचा पेला किंवा तव्यावरून उतरलेली भाकरी तिच्यावर थेट ठेवू नये. फळे, सुका मेवा, थंड फराळ यांच्या ट्रेसाठी ती ठीक आहे. लोणचे किंवा तेलकट पदार्थ तिच्यात साठवून ठेवू नयेत.

पोळपाट-लाटण्याला इपॉक्सीची गरज नाही. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन, मधमाश्यांचे मेण, पूर्ण सुकू दिलेले जवसाचे कच्चे तेल हे लेप उतरले तरी पुन्हा लावता येतात. लाखेपासून बनणारे शेलॅक गोळ्या-मिठायांवरही चढवले जाते, मात्र उष्णता आणि अल्कोहोल त्याला सोसत नाही. इपॉक्सीचे खरे काम भेग भरण्याचे आहे. आजीच्या काथवटीला तडा गेला असेल तर तडा खरवडून, सुकवून त्यात बिनरंगी रेझीन भरावे आणि बाकीचे लाकूड तेलावरच ठेवावे. भरावाच्या कडेला पांढुरका पट्टा दिसू लागला, तर तिथे लेप लाकडापासून सुटून आत पाणी शिरले आहे. तेवढा भाग कोरून काढून काथवट सुकवावी आणि नव्याने भरावी.